युनियनचा प्रवेश परवाना धोक्यात आला तर: ऑस्ट्रेलियातल्या ऑर्गनायझरसाठी

मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगनिना, डेरिमट, लाव्हर्टन या पट्ट्यात गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. टार्नीट आणि पॉइंट कुकमध्ये राहणारे आपले कितीतरी लोक तिथे रात्रपाळी करतात. पगाराच्या पावतीत ओव्हरटाइमचे तास कमी लागले, रोस्टर न सांगता बदललं, की ते युनियनच्या माणसाला फोन करतात. तो माणूस मालकाच्या फाटकातून आत येऊ शकतो तो एका कार्डाच्या बळावर. हे कार्ड म्हणजे प्रवेश परवाना. तो फेअर वर्क कमिशन, म्हणजे कामगार-मालकांचे वाद हाताळणारी इथली राष्ट्रीय संस्था देते, आणि काढून घ्यायचा अधिकारही कमिशनकडेच आहे.

मी बरीच वर्षं असं कार्ड खिशात घेऊन फिरलो. आता आपली मराठी मुलं-मुली इथल्या युनियनांत ऑर्गनायझर म्हणून काम करताना दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण अधूनमधून त्यांच्यापैकी एखाद्याचा घाबराघुबरा फोन येतो: "दादा, कमिशनकडून पत्र आलंय. परवाना का रद्द करू नये म्हणून विचारतायत." त्या फोनवर जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितोय. युनियनच्या वकिलाला पहिल्याच दिवशी गाठायचं हे आहेच, पण वकिलासमोर बसण्याआधी आपली बाजू आपल्याला कळलेली असावी.

हा परवाना माणसाचा असतो, संघटनेचा नव्हे

महाराष्ट्रात कामगार चळवळीत वावरलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला हक्क दिले. कारखान्याच्या आवारात सभासदांशी चर्चा करणं, फलक लावणं, पगाराच्या जागी वर्गणी गोळा करणं, हे सगळं युनियनच्या मान्यतेवर उभं होतं. निदान ३० टक्के सभासद आहेत हे दाखवून औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवायची, आणि गेली तर तीही युनियनची मान्यता जायची.

ऑस्ट्रेलियात २००९ च्या फेअर वर्क कायद्याने वेगळी घडी बसवली. अर्ज युनियन करते, पण परवाना एका विशिष्ट पदाधिकाऱ्याच्या नावावर निघतो. तो माणूस 'लायक आणि योग्य' आहे अशी कमिशनची खात्री पटावी लागते. म्हणून त्याचं प्रशिक्षण, त्याच्यावरचे जुने गुन्हे, कामगार कायद्याखाली झालेले दंड, आधी परवान्यावर झालेली कारवाई, हे सगळं कलम ५१३ खाली तपासलं जातं. परवाना तीन वर्षं चालतो. पद सुटलं की तो आधीच संपतो.

याचा अर्थ नीट समजून घ्या. फाटकावर तुमचा आवाज चढला, तर त्याचा हिशेब तुमच्या नावावर लिहिला जातो. सेक्रेटरीने फोनवरून "आत घुसा" म्हणून सांगितलं असलं, तरी कार्ड तुमचंच जातं.

परवाना जाण्याच्या चार वाटा

पत्र आलं की आधी त्यावरचा कलमाचा आकडा बघा. परवाना चार वाटांनी धोक्यात येतो, आणि प्रत्येक वाटेवरचा बचाव वेगळा असतो.

पहिली वाट कलम ५०५ ची, म्हणजे वादाची. मालक, जागेचा ताबा असणारा, तुम्ही स्वतः किंवा तुमची युनियन, कुणीही प्रवेशाच्या हक्कावरून झालेला वाद कमिशनपुढे नेऊ शकतो. कमिशन आपणहूनही त्यात हात घालू शकतं. वाद लवादापर्यंत गेला तर परवान्यावर अटी घालणं, तो निलंबित करणं किंवा रद्द करणं हे सगळं कमिशनच्या हातात असतं. मात्र दोन्ही पक्षांना न्याय्य काय, याचा विचार त्याला करावा लागतो. बहुतेक वेळा इथे भांडण छोटं असतं: कुठल्या खोलीत बसायचं, कुठल्या वाटेने जायचं. ते छोटं असतानाच मिटवा.

दुसरी वाट कलम ५०७ ची. फेअर वर्क ऑम्बड्समनचा (कामगार कायदे पाळले जातात का हे पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेचा) निरीक्षक, किंवा नियमांनी ठरवून दिलेली व्यक्ती, थेट तुमच्या परवान्यावर कारवाई मागते. इथे पुन्हा तुमच्या लायकीचा प्रश्न उघडतो आणि कलम ५१३ मधल्या सगळ्या बाबी कमिशनला पाहाव्या लागतात.

तिसरी वाट कलम ५०८ ची, हक्काच्या गैरवापराची. ही सगळ्यांत रुंद आहे. एका माणसाच्या वागण्यावरून कमिशन अख्ख्या युनियनच्या परवान्यांवर अटी घालू शकतं, पुढचे परवाने ठरावीक काळ बंद ठेवू शकतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन कामात अडथळा आणणं किंवा छळ करणं कायद्याने गैरवापरात धरलंय. संशयित उल्लंघनाची चौकशी करायला म्हणून आत जाऊन, कामाचा विचका होईल अशा रीतीने सभासद-नोंदणी करत सुटणंही त्यातच येतं.

चौथी वाट कलम ५१० ची. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त माणसं इथेच अडखळतात, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

कलम ५१०: इथे 'करू शकतं' नाही, 'केलंच पाहिजे' आहे

बाकीच्या कलमांत कमिशनला कारवाई करावी की करू नये याची मोकळीक असते. ५१० मध्ये ठरावीक गोष्टींपैकी एक जरी घडली असेल, तर तुमचे सगळे परवाने रद्द किंवा निलंबित करणं कमिशनवर बंधनकारक आहे. त्या गोष्टी साध्या भाषेत सांगतो.

आत येण्याचा अधिकार नसताना तो आहे असा खोटा आभास निर्माण केल्याचं कोर्टाच्या कारवाईत सिद्ध होणं. चौकशीत हाती आलेली कामगारांची माहिती भलत्याच कामासाठी वापरल्याचं सिद्ध होणं. अशाच माहितीबद्दलची तक्रार गोपनीयता कायद्याखाली माहिती आयुक्तांनी खरी ठरवणं. प्रवेश हक्काच्या प्रकरणातलं कुठलंही कलम तुम्ही मोडलं म्हणून दंडाचा आदेश निघणं. एखाद्या राज्याच्या औद्योगिक कायद्याखाली तुमचा प्रवेशाचा हक्क रद्द किंवा निलंबित होणं, किंवा तुम्हाला अपात्र ठरवणं. आणि शेवटची गोष्ट, राज्याच्या सुरक्षा-आरोग्य कायद्याखाली आत गेल्यावर त्या कायद्याने परवानगी नसलेलं काही करणं.

यातली दंडाची बाब प्रत्यक्षात सर्वाधिक वेळा येते, आणि तिच्यात एक खाच आहे. कायद्यात 'परवानाधारकाला किंवा अन्य व्यक्तीला' दंड झाला असं म्हटलंय. तुमच्या वागण्याबद्दल कोर्टाने फक्त युनियनला दंड केला आणि तुम्हाला एक डॉलरही भरावा लागला नाही, तरी ५१० लागू होतं. "दंड युनियनने भरला, माझा काय संबंध?" हे वाक्य मी दोघातिघांकडून ऐकलंय. प्रत्येकाला नंतर धक्का बसला.

शेवटच्या बाबीतही अशीच खाच आहे. तिच्यात कोर्टाच्या निकालाची अट लिहिलेली नाही. सुरक्षेच्या नावाखाली आत जाऊन तुम्ही अधिकाराबाहेर वागलात, एवढी कमिशनची स्वतःची खात्री पटली तरी पुरतं. व्हिक्टोरियात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. इथे सुरक्षेच्या कारणासाठीचा वेगळा परवाना राज्याच्या २००४ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेट कोर्टाकडून मिळतो. खिशात दोन कार्डं असतात आणि एकावरचा डाग दुसऱ्यावर उमटतो.

या सक्तीतून सुटायला एकच दार आहे. रद्द करणं किंवा निलंबित करणं त्या परिस्थितीत अतिकठोर किंवा अवाजवी ठरेल अशी खात्री पटली, तर कमिशन कारवाई टाळू शकतं. तुमचा सगळा बचाव त्या दारातून जाणार आहे.

कारवाई झालीच तर किती काळाची, हेही कायद्यानेच बांधलंय. ५१० खाली पहिलीच वेळ असेल तर निलंबन किमान ३ महिन्यांचं. आधी एकदा झालं असेल तर किमान १२ महिने. त्याहून जास्त वेळा झालं असेल तर किमान ५ वर्षं. शिवाय प्रत्येक कारवाईसोबत नवा परवाना न देण्याची बंदी घालावीच लागते आणि तीही निदान याच किमान काळाइतकी असते. म्हणजे दुसऱ्या युनियनमध्ये जाऊन तिच्यामार्फत नवं कार्ड काढू, हा मार्गही बंद होतो.

पहिली पायरी: कोर्टातल्या तडजोडीआधी पुढचं बघा

ही पायरी पत्र येण्याच्या कितीतरी आधीची आहे. तरी तिलाच पहिली म्हणतो, कारण इथे हातातून गेलेलं नंतर परत मिळत नाही.

समजा, तुम्ही फाटकावर अडथळा आणलात म्हणून कलम ५०० खाली फेडरल कोर्टात दावा लागलाय. या कलमाखाली एका माणसाला जास्तीत जास्त ६० दंड-एकक होऊ शकतात. ७ नोव्हेंबर २०२४ ला एकक ३३० डॉलरचं झालं, त्या हिशेबाने एका उल्लंघनाला १९,८०० डॉलरपर्यंत. संघटनेसाठी कमाल मर्यादा याच्या पाचपट. वकील म्हणतो, कबूल करू, दंड कमी होईल, विषय संपेल. बहुतेकदा सल्ला योग्यच असतो. पण विषय तिथे संपत नाही. दंडाचा आदेश निघाला की ५१० चं चाक फिरायला लागतं, आणि कोर्टात तुम्ही सही केलेलं मान्य तथ्यांचं (दोन्ही बाजूंनी कबूल केलेल्या गोष्टींचं) निवेदन कमिशनपुढे जसंच्या तसं ठेवलं जातं. तिथे उभं राहून "खरं तर तसं घडलं नव्हतं" म्हणायची सोय उरत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत हेच झालं. निवेदनात लिहिलं होतं, 'त्याने काम थांबवायला लावलं.' प्रत्यक्षात क्रेनखाली माणसं उभी होती म्हणून तो ओरडला होता, काम दहाएक मिनिटं थांबलं आणि मग तो स्वतःच बाजूला झाला. यातलं काहीच कागदावर नव्हतं. लवकर मिटावं म्हणून त्याने सही केली, आणि पुढे कमिशनसमोर तेच एक वाक्य त्याच्या मानेवर बसलं.

म्हणून तडजोड करताना आग्रह धरा: अडथळा किती वेळ होता, हेतू काय होता, अंगावर धावून जाणं किंवा शिवीगाळ नव्हती, आधी कधी दंड झालेला नाही, नंतर प्रशिक्षण घेतलं, हे सगळं खरं असेल तर त्या निवेदनात लिहिलं गेलंच पाहिजे. दंड कमी करून घेताना शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. नुसतं उल्लंघन झाल्याची घोषणा आणि दंडाचा आदेश यांतला फरकही वकिलाशी आधीच बोलून घ्या, कारण दंडाची बाब लागू होते ती दंडाच्या आदेशाने.

दंड कुणाच्या खिशातून जाईल, हेही डोक्यात असू द्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये इथल्या हायकोर्टाने ठरवलं की दंड पदाधिकाऱ्याने स्वतःच्या पैशातून भरावा, युनियनने त्याची भरपाई करू नये, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. (ऑस्ट्रेलियात हायकोर्ट म्हणजे देशातलं सर्वोच्च न्यायालय. आपल्या मुंबई हायकोर्टासारखं राज्यपातळीचं न्यायालय नव्हे.) असा आदेश झाला असेल तर तो जपून ठेवा. स्वतः सोसलेली किंमत कमिशनपुढे मांडता येते.

दुसरी पायरी: तारखा मांडा

पत्र हातात आलं की एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त तारखा लिहा. हातातला परवाना कधी निघाला, कधी संपणार. घटना कधीची, दंडाचा आदेश कधीचा. मधल्या काळात परवान्याचं नूतनीकरण झालं का, आणि त्या अर्जात हे प्रकरण कळवलं होतं का.

एवढ्या खटाटोपाचं कारण असं की ५१० मध्ये बघितलं जातं ते सध्याचा परवाना निघाल्यानंतर काय घडलं ते. आदेश आधीच्या, मुदत संपलेल्या परवान्याच्या काळातला असेल आणि नवा परवाना त्यानंतर निघाला असेल, तर तो आदेश मुळात ५१० मध्ये बसतो का हाच पहिला मुद्दा होतो. तसा आदेश सहसा नव्या अर्जाच्या वेळी लायकीच्या प्रश्नात तपासला जातो. तिथे तो लपवला असेल तर मात्र ते वेगळंच आणि जास्त गंभीर संकट.

आणखी दोन गोष्टी तपासा. ज्या घटनेवर कमिशनने ५१० खाली आधी एकदा कारवाई केलीय, त्याच घटनेवर पुन्हा कारवाई होत नाही. आणि ३ महिने, १२ महिने, ५ वर्षं या चढत्या शिडीत मोजली जाते ती ५१० खालचीच आधीची कारवाई. पूर्वी तुमचा परवाना ५०५ च्या वादात निलंबित झाला असेल, तर ती या शिडीची पायरी नाही. म्हणून जुना आदेश काढा आणि तो कुठल्या कलमाखाली होता ते डोळ्यांनी वाचा. "आधी एकदा झालं होतं" या आठवणीवर विसंबू नका.

तिसरी पायरी: 'अतिकठोर किंवा अवाजवी' हे पुराव्याने दाखवा

कमिशन साधारणपणे लेखी म्हणणं मागवतं आणि मग सुनावणी ठेवतं. कोर्टातले पुराव्याचे काटेकोर नियम तिथे बंधनकारक नसतात. म्हणून काही जण नुसतं पत्र लिहून पाठवतात. तसं करू नका. सहीनिशी निवेदन द्या आणि प्रत्येक दाव्यामागे कागद जोडा.

सुरुवात चुकीपासून करा. काय केलं, ते का चुकीचं होतं, आता तीच वेळ आली तर काय कराल. कमिशनचा सदस्य ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत असतो तो हाच: हा माणूस पुन्हा फाटकातून आत गेला तर काय होईल? शिक्षा करायचं काम कोर्टाने दंड लावून केलेलं असतं. परवान्याच्या व्यवस्थेवर मालकाचा, कामगाराचा आणि सभासदांचा विश्वास टिकावा हे कमिशनचं काम. तुमचं निवेदन त्या प्रश्नाला उत्तर देणारं हवं.

मग घटनेनंतरचा काळ मांडा. कोर्टाचे निकाल यायला वर्षं लागतात. मधल्या काळात तुम्ही किती ठिकाणी, किती वेळा गेलात आणि तक्रार आली नाही, हे प्रवेशाच्या सूचनांच्या (आत जाण्याआधी द्यायच्या लेखी सूचनांच्या) प्रतींवरून दाखवता येतं. त्या प्रती जपून ठेवायची सवय इथे उपयोगी पडते. 'त्यानंतर माझं वागणं चांगलं आहे' या वाक्याला वजन नाही. तारीखवार यादीला आहे.

प्रशिक्षण नव्याने घ्या, आणि पत्र आल्यावर घाईने नको, शक्यतो आधीच. युनियनने स्वतः काय बदललं तेही तिच्या वतीने कुणी जबाबदार माणसाने लिहून द्यावं: नवीन माणसासोबत अनुभवी माणूस पाठवतो, प्रवेशाआधी वकिलाला विचारतो, असं जे खरोखर करत असाल ते.

सभासदांवर काय परिणाम होईल, हे सांगायला बरेच जण विसरतात. माझ्या मते हाच मुद्दा मनापासून मांडण्यासारखा आहे. तुमच्या पट्ट्यात परवाना असलेले तुम्ही एकटेच आहात का? तिथल्या कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलणारं दुसरं कुणी आहे का? वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी मराठी किंवा पंजाबी बाई आपली पगाराची अडचण इंग्रजीत सांगायला कचरते. तिच्याकडे पोचणारा माणूस तीन महिने गायब झाला तर तिचं नुकसान होतं, आणि तिने काही चूक केलेली नसते. अशा सभासदांची निवेदनं घ्या, त्यांची नावं उघड होण्याची भीती असेल तर वकिलाशी बोलून. पण फुगवू नका. युनियनकडे त्याच भागात आणखी चार परवानाधारक असतील तर हा मुद्दा लंगडा पडतो, आणि एक लंगडा मुद्दा बाकीच्यांनाही खाली ओढतो.

नोकरी जाईल, घराचा हप्ता आहे, हेही सांगता येतं. युनियनच्या सेवाशर्तींत परवाना नसेल तर नोकरी नाही असं लिहिलं असेल तर ती प्रत जोडा. नसेल तर हा मुद्दा थोडक्यात आटोपा.

एक गोष्ट कधीही करू नका: कोर्टाने ठरवलेल्या गोष्टीवर पुन्हा वाद. अपील चालू असेल तर तसं सांगा आणि त्याचा निकाल येईपर्यंत थांबायची विनंती करा. अपील नसेल तर निकाल मान्य करून पुढे जा.

चौथी पायरी: दुसरी मागणी तयार ठेवा

मूळ मागणी अर्थातच 'काहीही कारवाई नको' ही असते. पण ती मान्य होणार नाही असं दिसत असेल तर निदान रद्द करू नका, निलंबित करा, अशी पर्यायी मागणी लेखी द्या. वरकरणी दोन्ही तीन महिन्यांचीच वाटतात. प्रत्यक्षात मोठा फरक पडतो. निलंबनाचा काळ संपला की तुम्ही किंवा तुमची युनियन अर्ज करून तेच कार्ड परत मागू शकता. परवाना रद्द झाला तर बंदी संपल्यावर नव्याने एफ-४२ अर्ज (परवाना मागायचा कमिशनचा फॉर्म) भरायचा, आणि लायकीची सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

यातही तारखांचा एक पेच आहे. निलंबनामुळे परवान्याची मुदत वाढत नाही. समजा, परवाना १० जून २०२७ ला संपणार आहे आणि १ एप्रिल २०२७ पासून तीन महिन्यांचं निलंबन झालं. निलंबन संपेल तेव्हा परत मागायला कार्डच उरलेलं नसेल. अशा वेळी रद्द आणि निलंबित यांतला व्यवहारातला फरक बराच कमी होतो, फक्त नोंदीत कुठला शब्द राहतो एवढंच उरतं. सुनावणीला जाताना हा हिशेब केलेला असावा.

सुनावणीत कोण बोलणार, हेही आधी ठरवा. बाहेरचा वकील किंवा पैसे घेणारा एजंट आणायचा तर कमिशनची परवानगी लागते. युनियनचा स्वतःचा नोकरीतला माणूस बाजू मांडणार असेल तर लागत नाही. साक्षीदार सभासद मराठीत किंवा हिंदीत बोलणार असेल तर कमिशन दुभाषी फुकट देतं, पण आधी कळवावं लागतं. घरातल्या कुणाला दुभाषी म्हणून उभं करू नका.

पाचवी पायरी: आदेश विरोधात गेला तर

रद्द झालेलं किंवा निलंबित झालेलं कार्ड ७ दिवसांत कमिशनला परत करायचं. हे विसरलात तर तो वेगळा कायदेभंग. रागाच्या भरात कार्ड टेबलाच्या खणात टाकून ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी पुढच्या अर्जासाठी स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार केला.

अपील फुल बेंचकडे, म्हणजे कमिशनच्याच अनेक सदस्यांच्या पीठाकडे, २१ दिवसांच्या आत. आधी अपिलाची परवानगी मिळवावी लागते. सदस्याने कलम चुकीचं वाचलं, महत्त्वाची बाब विचारातच घेतली नाही किंवा भलतीच घेतली, असं काही दाखवता आलं तर अर्थ आहे. 'मला हा निकाल फार कडक वाटतो' एवढ्यावर अपील टिकत नाही. अपिलासोबत आदेशाला स्थगिती मागता येते. तीन महिन्यांच्या निलंबनात स्थगिती मिळाली नाही तर अपिलाचा निकाल येईपर्यंत निलंबनच संपून जाऊ शकतं. म्हणून दोन्ही अर्ज बरोबरच करा.

कार्ड नसताना काय करता येतं

या काळात युनियनचा माणूस म्हणून प्रवेशाच्या हक्कावर कुठेही आत जायचं नाही. 'ओळखीचा फोरमन आहे' म्हणून मागच्या दाराने जाऊन कामगारांना वाटेल की तुमच्याकडे हक्क आहे, असं वागलात तर तो खोट्या आभासाचा नवा कायदेभंग होतो, आणि तो थेट ५१० च्या यादीत आहे. जागेच्या मालकाने स्वतःहून, लेखी बोलावलं तर पाहुणा म्हणून जाता येतं, पण तेव्हाही आपल्याकडे परवाना नाही हे आधी सांगा.

बाकी काम थांबत नाही. फोन आहे, फाटकाबाहेरचा फुटपाथ आहे, रविवारी एखाद्या कम्युनिटी हॉलमध्ये घेतलेली बैठक आहे. वाटाघाटींच्या टेबलावर बसायला हा परवाना लागत नाही, कमिशनसमोर सभासदाची बाजू मांडायलाही नाही. सगळ्यांत मोठा आधार म्हणजे कामाच्या जागेवरचा डेलिगेट. तो तिथलाच कामगार असतो, त्याला परवाना लागतच नाही. डिसेंबर २०२३ पासून कलम ३५०सी ने त्याला सभासदांशी बोलण्याचा, कामाच्या जागेच्या सोयी वाजवी प्रमाणात वापरण्याचा आणि लहान व्यवसाय सोडून इतर ठिकाणी पगारी वेळेत प्रशिक्षण घेण्याचा हक्क दिलाय. तुमचे तीन महिने दोन-चार डेलिगेट घडवण्यात घालवा. माझ्या सहकाऱ्याने तेच केलं. तो परतला तेव्हा त्या गोदामात त्याच्या गैरहजेरीत नव्याने झालेले सभासद होते.

परत आल्यावर फाटकावर

कार्ड परत मिळालं की तुमच्याकडे आधीपेक्षा बारकाईने पाहिलं जाणार. मूळचे नियम पुन्हा अंगवळणी पाडा. चौकशीसाठी किंवा चर्चेसाठी जायचं तर सूचना निदान २४ तास आधी, पण १४ दिवसांहून जास्त आधी नाही. पगार कमी दिल्याचा संशय असेल आणि आधी कळवल्याने चौकशीच अडेल असं दाखवता आलं, तर जुलै २०२४ पासून सूचनेविना जाण्यासाठी कमिशनकडून सवलतीचं प्रमाणपत्र मागता येतं. ते हातात नसताना मात्र अचानक जायचं नाही. प्रवेश कामाच्या वेळेतच, आणि चर्चा फक्त जेवणाच्या किंवा इतर सुट्टीत. चर्चा कुठे करायची यावर एकमत झालं नाही तर कामगार जिथे एरवी डबा खातात ती खोली ही कायद्याने ठरवलेली जागा. सुरक्षेची वाजवी सूचना असेल, हेल्मेट घाला, सही करा, सोबत माणूस घ्या, तर ऐका. कार्ड मागितलं की दाखवा. सभासद नसलेल्या माणसाची पगाराची नोंद त्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कमिशनच्या आदेशाशिवाय बघू नका.

मालकालाही तुम्हाला अडवण्याचा किंवा ताटकळत ठेवण्याचा हक्क नाही, ते कलम ५०१ आणि ५०२ खाली त्याच्यावरचं बंधन आहे. पण त्याने नियम मोडला म्हणून तुम्ही ढकलून आत जाऊ नका. वेळ लिहा, कोण काय म्हणालं ते लिहा, साक्षीदार कोण होता ते लिहा, आणि बाहेर येऊन ५०५ खाली वाद दाखल करा. मी गाडीत बसल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी डायरी भरायचो. एकदा कंटाळा केला आणि नेमक्या त्याच भेटीबद्दल आठ महिन्यांनी प्रश्न आले. काय उत्तर द्यावं ते मला आठवेना.

पुढच्या नूतनीकरणाच्या एफ-४२ अर्जात हे सगळं पुन्हा विचारलं जाईल: दंड झाला का, परवाना कधी निलंबित किंवा रद्द झाला का. कितीही वर्षं गेली असली तरी 'हो' लिहा. तारीख, आदेशाचा क्रमांक आणि त्यानंतर काय केलं याची अर्ध्या पानाची टिपणी सोबत जोडा. ती टिपणी आजच लिहून फायलीत ठेवा, तपशील ताजे आहेत तोवर.